सर्व्हर चालू, पण उत्तर नाही : डेटाबेसमधल्या फटीची गोष्ट



"सर्व्हर डाऊन आहे" हे वाक्य आपल्या स्टाफरूममध्ये ऐकलं नाही असा महिना जात नाही. विद्यार्थ्यांची माहिती भरायची शेवटची तारीख असली की तर ठरलेलंच. स्क्रीनवर गोल फिरत राहतो, पान उघडत नाही, आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, "रात्री अकरानंतर बघू." पण सर्व्हर डाऊन होतो म्हणजे नेमकं काय होतं? तो बिघडतो, थकतो की त्याला कुणी मुद्दाम पाडतं? पाचवी-सहावीची मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. आणि आता घरातला मोबाईल मुलांच्याही हातात असल्यामुळे पालकांनाही याचं उत्तर ठाऊक असायला हवं.

आज आपण एक खरी घटना घेऊन हे समजून घेऊया. ही घटना २००२-०३ मधली आहे. म्हणजे जुनी आहे. पण तिच्यात सगळे मुद्दे इतके स्वच्छ दिसतात की शिकवायला याहून चांगलं उदाहरण सापडणं कठीण.

१) आधी डेटाबेस म्हणजे काय?

आपल्या शाळेतलं जनरल रजिस्टर आठवा. प्रत्येक मुलाचा नोंदणी क्रमांक, नाव, आईचं नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख. ठरलेले रकाने आणि प्रत्येक ओळीत एक मूल. डेटाबेस म्हणजे संगणकातलं असंच रजिस्टर, फक्त त्यात लाखो ओळी असू शकतात.

पण रजिस्टर स्वतः बोलत नाही. एखाद्या पालकाला दाखला हवा असेल तर ते ऑफिसच्या खिडकीशी जातात, लिपिक रजिस्टर काढतात, नोंद शोधतात आणि सांगतात. संगणकात हे लिपिकाचं काम करणारं जे सॉफ्टवेअर असतं त्याला डेटाबेस सर्व्हर म्हणतात. ओरॅकल, मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल, मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर ही त्यांची नावं तुम्ही ऐकली असतील. बँकेचं एटीएम, रेल्वेचं आरक्षण, दवाखान्यातली नोंद, या सगळ्यांच्या मागे असा एखादा लिपिक बसलेला असतो.

२) सेवा नाकारली जाणं म्हणजे काय?

माहितीच्या सुरक्षेबद्दल बोलताना आपल्या डोक्यात पहिल्यांदा चोरी येते. पासवर्ड चोरला, पैसे काढले वगैरे. पण माहिती सुरक्षित आहे असं म्हणायला तीन गोष्टी लागतात :

- गोपनीयता : ज्याला बघायचा हक्क आहे त्यालाच माहिती दिसावी.
- अचूकता : माहितीत कुणी परस्पर फेरफार करू नये.
- उपलब्धता : हक्काच्या माणसाला गरजेच्या वेळी माहिती मिळावी.

तिसरा मुद्दा आपण विसरतो. समजा, रजिस्टर कपाटात व्यवस्थित आहे, एक पानही फाटलेलं नाही, कुणी चोरून वाचलेलं नाही. पण कपाटाच्या कुलपात कुणीतरी काडी मोडून ठेवली. आज दुपारपर्यंत दाखला मिळाला नाही तर एका मुलीचा पुढच्या शाळेतला प्रवेश हुकणार आहे. तिच्यासाठी रजिस्टर असून नसल्यासारखंच. हा जो प्रकार आहे त्याला सेवा-नकार हल्ला म्हणतात. इंग्रजीत 'डिनायल ऑफ सर्व्हिस', थोडक्यात 'डॉस'. यात काही चोरीला जात नाही. फक्त मिळायला हवं ते मिळत नाही.

३) गर्दी, हल्ला आणि फट

इथे तीन गोष्टींत फरक करायला हवा, कारण मुलं (आणि मोठेही) त्यांची गल्लत करतात.

गर्दी : शेवटच्या तारखेला हजारो शाळा एकदम माहिती भरायला बसल्या. खिडकी एक आणि रांग गावाबाहेर. इथे कुणाचा वाईट हेतू नाही.

गर्दीचा हल्ला : कुणीतरी मुद्दाम भाड्याने माणसं आणून रांगेत उभी केली. त्यांना काहीच नको आहे, फक्त खऱ्या माणसाचा नंबर लागू द्यायचा नाही.

फट : इथे गर्दीची गरजच नाही. लिपिकाला कामाचे जे नियम घालून दिले आहेत त्यातच एक चूक आहे. कुणी एकच विशिष्ट प्रश्न विचारला की लिपिक गोंधळतो आणि खिडकी ठप्प होते. एक माणूस, एक चिठ्ठी, बस्स.

आपल्याला आज ही तिसरी गोष्ट बघायची आहे. सॉफ्टवेअरमधल्या अशा चुकीला इंग्रजीत 'व्हल्नरेबिलिटी' म्हणतात. मी तिला या लेखात 'फट' म्हणते. भिंत भक्कम असते, दार बंद असतं, पण बांधणाऱ्याच्या नजरेतून एक फट सुटलेली असते.

४) चौकशीची खिडकी क्रमांक १४३४

मायक्रोसॉफ्टचं 'एसक्यूएल सर्व्हर २०००' हे त्या काळात खूप वापरलं जाणारं डेटाबेस सॉफ्टवेअर. त्यात एक नवी सोय होती. एकाच संगणकावर या सर्व्हरच्या अनेक प्रती एकाच वेळी चालवता येत होत्या. म्हणजे एकाच ऑफिसात बरेच लिपिक, प्रत्येकाची खिडकी वेगळी. मग बाहेरून आलेल्या माणसाला कळणार कसं की आपलं काम कोणत्या खिडकीवर आहे? त्यासाठी एक चौकशीची खिडकी ठेवली होती. तिचा क्रमांक १४३४. संगणकाच्या भाषेत अशा खिडकीला 'पोर्ट' म्हणतात.

या खिडकीवरचा कारभार पोस्टकार्डासारखा चालायचा. इंटरनेटवर निरोप पाठवायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एकात आधी दोघांची ओळख पटते आणि प्रत्येक निरोपाची पोचपावती मिळते. दुसऱ्या पद्धतीत नुसतं कार्ड लिहायचं आणि पेटीत टाकायचं. या दुसऱ्या पद्धतीचं नाव 'यूडीपी'. ती जलद आहे, पण तिच्यात एक अडचण आहे. पोस्टकार्डावर पाठवणाऱ्याचा पत्ता कुणीही कुणाचाही लिहू शकतो. पोस्टमन तो तपासत बसत नाही.

हा मुद्दा नीट लक्षात ठेवा. पुढचं सगळं यावर उभं आहे.

५) पहिली फट : "आहात का?" "आहे!"

चौकशीच्या खिडकीला आणखी एक छोटं काम दिलेलं होतं. सर्व्हर जागा आहे की नाही हे तपासायचं. बाहेरून एक छोटासा निरोप यायचा, "आहात का?" सर्व्हर तोच निरोप जसाच्या तसा परत पाठवायचा. तो परत आला की समजायचं, समोरचा जागा आहे.

यात वावगं काय? वरवर पाहता काहीच नाही. आपणही हजेरी घेताना हेच करतो.

पण आता असं समजा की दोन गावांत दोन लिपिक आहेत. एक साताऱ्यात, एक सोलापुरात. एक खोडसाळ माणूस साताऱ्याच्या लिपिकाला कार्ड टाकतो, "आहात का?" मात्र पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचा पत्ता न लिहिता सोलापूरच्या चौकशी खिडकीचा पत्ता लिहितो. साताऱ्याचे लिपिक नियमाप्रमाणे तेच कार्ड सोलापूरला पाठवतात. सोलापूरच्या लिपिकाला वाटतं, साताऱ्याहून विचारणा झाली. तेही नियमाप्रमाणे तेच कार्ड परत पाठवतात. मग सातारा, परत सोलापूर, परत सातारा...

खोडसाळ माणूस एक कार्ड टाकून केव्हाच घरी गेला. हे दोघे मात्र न थांबता एकमेकांना उत्तरं देत बसले. माणसं असती तर चौथ्या-पाचव्या कार्डाला "अहो, काय चाललंय हे?" असं विचारलं असतं. संगणक विचारत नाही. तो कंटाळतही नाही. सेकंदाला असंख्य कार्डं इकडून तिकडे जात राहतात, आणि खऱ्या कामासाठी ना लिपिकाला वेळ उरतो ना रस्त्यावर जागा. दोघांपैकी एकाची सेवा बंद करून पुन्हा चालू केली की हे चक्र तुटायचं. पण खोडसाळ माणसाने पुन्हा एक कार्ड टाकलं की पुन्हा तेच.

ही आपल्या लेखाच्या विषयातली नमुनेदार फट आहे. चोरी नाही, मोडतोड नाही, फक्त सेवा ठप्प. जगभर फटींना नोंदणी क्रमांक दिले जातात, हिचा क्रमांक आहे सीव्हीई-२००२-०६५०.

६) दुसरी फट : चौकटीबाहेर गेलेलं नाव

त्याच खिडकीत आणखी गंभीर चूक होती. ती समजण्यासाठी प्रवेश फॉर्म डोळ्यासमोर आणा. नावासाठी छोटे चौकोन आखलेले असतात, एका चौकोनात एक अक्षर. चौकोन सोळा असतील आणि नाव वीस अक्षरी असेल तर आपण काय करतो? काटछाट करतो किंवा समासात लिहितो. पण नियमाने चालणाऱ्या लिपिकाला "सोळानंतर थांब" असं सांगितलंच नसेल तर? तो पुढच्या रकान्यावरच लिहीत सुटेल. जन्मतारखेवर नाव, जातीच्या रकान्यावर नाव, सगळा गिचमिडकाला.

संगणकाच्या स्मृतीत हेच घडलं. चौकशी करणाऱ्याने सर्व्हरच्या ज्या प्रतीचं नाव सांगायचं, त्यासाठी ठराविक जागा राखून ठेवली होती. आलेलं नाव त्या जागेत मावतं का हे तपासलंच जात नव्हतं. नाव लांबलचक असलं की ते शेजारच्या जागेवर चढायचं. आणि त्या शेजारच्या जागेत काय होतं? "हे काम झालं की पुढे अमुक पानावरची सूचना वाचायची" असा पत्ता. तोच पुसून तिथे दुसरा पत्ता लिहिला, की सर्व्हर हल्लेखोराने पाठवलेल्या सूचना स्वतःच्या समजून पाळायला लागायचा. याला 'बफर ओव्हरफ्लो' म्हणतात. मोठी तपेली भरून दूध छोट्या भांड्यात ओतलं की ते शेगडीवर जाणारच, तसं.

डेव्हिड लिचफिल्ड या ब्रिटिश संशोधकाने या फटी शोधून मायक्रोसॉफ्टला कळवल्या. २४ जुलै २००२ रोजी मायक्रोसॉफ्टने एमएस०२-०३९ या क्रमांकाचं सूचनापत्रक काढलं आणि त्यासोबत दुरुस्ती दिली. अशा दुरुस्तीला 'पॅच' म्हणतात, म्हणजे शब्दशः ठिगळच. त्या एका पॅचमध्ये वरच्या दोन्ही प्रकारच्या चुकांवर इलाज होता.

म्हणजे आजार कळला होता आणि औषधही फुकट मिळत होतं.

७) २५ जानेवारी २००३

औषध येऊन सहा महिने झाले होते. शनिवार, २५ जानेवारी २००३. भारतात सकाळचे साधारण अकरा वाजले होते. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन. अमेरिकेत शुक्रवारची मध्यरात्र नुकतीच उलटली होती. त्या सुमारास इंटरनेटवर एक अगदी छोटा प्रोग्राम सुटला. पुढे त्याला 'एसक्यूएल स्लॅमर' हे नाव पडलं.

किती छोटा? फक्त ३७६ बाइट. देवनागरीतलं एक अक्षर किंवा एक काना साधारणपणे ३ बाइट जागा घेतो. 'शाळा' या शब्दात श, काना, ळ, काना अशी चार चिन्हं, म्हणजे १२ बाइट. तेव्हा 'शाळा' हा शब्द सलग ३१ वेळा लिहिला तर ३७२ बाइट होतात. जवळजवळ तेवढाच तो प्रोग्राम. वहीच्या पाच-सहा ओळी.

तो काय करायचा? १४३४ या खिडकीतून वर सांगितलेल्या दुसऱ्या फटीतून आत शिरायचा. आत गेल्यावर एकच काम : मनाला येईल तो इंटरनेट पत्ता निवडायचा आणि स्वतःची एक प्रत तिकडे पाठवायची. मग दुसरा पत्ता, मग तिसरा, न थांबता. पोचपावतीची भानगड नसल्याने उत्तराची वाट बघायची नाही. सुरुवातीच्या काळात असा एक बाधित सर्व्हर सरासरी सेकंदाला सुमारे ४,००० प्रती पाठवत होता. ज्या पत्त्यावर हे सॉफ्टवेअर होतं आणि पॅच लावलेला नव्हता, तिथेही लगेच तेच सुरू.

त्याने एकही फाइल पुसली नाही आणि पासवर्ड चोरले नाहीत. तो डिस्कवर स्वतःला साठवतही नव्हता. संगणक बंद करून चालू केला की तो निघून जायचा, पण पॅच नसेल तर काही वेळात परत यायचा. नुकसान झालं ते त्याच्या गर्दीमुळे. बाधित सर्व्हरचा बाहेर जाणारा रस्ता या प्रतींनीच भरला आणि मधले मार्गही तुंबले. सेवा-नकार हल्ला करायचा असं त्या प्रोग्रामात वेगळं लिहिलेलंच नव्हतं. तो नुसता पसरला, आणि पसरण्यानेच सेवा बंद पडली.

अभ्यासकांनी नंतर मोजमाप केलं. सुरुवातीला बाधित सर्व्हरांची संख्या दर साडेआठ सेकंदांनी दुप्पट होत होती. सुमारे तीन मिनिटांत सगळे मिळून सेकंदाला साडेपाच कोटी पत्ते धुंडाळत होते. पहिल्या दहा मिनिटांत, ज्या ज्या सर्व्हरांना बाधा होऊ शकत होती त्यांतल्या ९० टक्क्यांहून जास्त बाधित झाले. एकूण संख्या किमान ७५,०००.

दहा मिनिटं म्हणजे आपली छोटी सुट्टी. मुलं हात धुऊन वर्गात येईपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. एवढ्या वेळात कुणाला फोन करून "अहो, ते बंद करा" म्हणणंही शक्य नव्हतं.

८) कुणाचं काय अडलं?

"चोरी झाली नाही ना, मग काय बिघडलं?" असं कुणी म्हणेल, म्हणून ही यादी मुद्दाम देते.

- दक्षिण कोरियात शनिवारी दुपारी देशाच्या मोठ्या भागात इंटरनेट कित्येक तास जवळजवळ बंद पडलं.
- अमेरिकेत बँक ऑफ अमेरिकाच्या हजारो एटीएमवर ग्राहकांना पैसे काढता येईनात. खात्यातले पैसे जागेवरच होते.
- कॉन्टिनेंटल एअरलाइन्सची तिकीट आणि चेक-इनची यंत्रणा अडखळली. काही विमानं उशिरा सुटली, काही रद्द झाली.
- सिएटलजवळच्या बेलव्ह्यू इथे पोलीस आणि अग्निशमन दलाला मदतीसाठी पाठवणाऱ्या केंद्राचे संगणक अडकले. कर्मचाऱ्यांनी कागद-पेन घेऊन हाताने नोंदी करत काम चालू ठेवलं.
- ओहायोतल्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रात सुरक्षेची माहिती दाखवणारी संगणकी यंत्रणा जवळपास पाच तास बंद राहिली. अणुभट्टी त्या काळात दुरुस्तीसाठी आधीच बंद होती आणि जुन्या पद्धतीची पर्यायी यंत्रणा शाबूत होती, म्हणून अनर्थ टळला. तिथे मुख्य दारावर पहारा (फायरवॉल) होता, पण एका ठेकेदाराच्या जोडणीतून मागच्या दाराने बाधा आत आली.

चौथा मुद्दा पुन्हा वाचा. आग लागलेल्या घरातून फोन येतो तेव्हा उपलब्धता म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागत नाही. आणि तिथे उपयोगी पडला तो कागद. आपणही ऑनलाइन माहिती भरतो, तरी जनरल रजिस्टर शाईने लिहितो. ही पद्धत जुनाट नाही. पर्यायी सोय ठेवणं हा सुरक्षेचाच भाग आहे.

९) औषध असून घेतलं का नाही?

हा लेखातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. लोक आळशी होते असं म्हणून मोकळं होता येईल, पण कारणं त्याहून गुंतागुंतीची आहेत.

पहिलं कारण, पॅच लावणं सोपं नव्हतं. आजच्यासारखं एका बटणाचं काम नव्हतं, फायली हाताने बदलाव्या लागायच्या.

दुसरं, चालू सर्व्हर बंद करून दुरुस्ती करायची आणि तो परत नीट उठलाच नाही तर? ही भीती खरी असते. "चालतंय ना, मग हात लावू नका" हे वाक्य आपल्यालाही ओळखीचं आहे.

तिसरं कारण मला सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. हे डेटाबेस इंजिन 'एमएसडीई' या नावाने इतर अनेक सॉफ्टवेअरच्या पोटात दडलेलं होतं. आपल्या संगणकावर असं काही आहे हे कित्येकांना माहीतच नव्हतं. जे आपल्याकडे आहे हेच ठाऊक नाही, त्याची दुरुस्ती कशी करणार? म्हणून सुरक्षेची पहिली पायरी म्हणजे यादी. आपल्या भाषेत डेडस्टॉक रजिस्टर!

चौथं, चौकशीची खिडकी साऱ्या जगासाठी उघडी ठेवायची गरजच नव्हती. ऑफिसातल्या लोकांपुरती ती आतून उघडी ठेवून चाललं असतं. ज्यांनी बाहेरून येणारी १४३४ ची वाट बंद ठेवली होती, ते पॅच नसतानाही बरेचसे वाचले. त्या दिवशी जगभर बाधा आटोक्यात आणली गेली तीही मुख्यतः ही वाट बंद करूनच.

हा प्रोग्राम कुणी लिहिला ते आजवर उघड झालेलं नाही.

१०) वर्गात कसं शिकवाल?

संगणक नसला तरी चालेल. तिसरीपासून पुढे हे तीन उपक्रम घेता येतात.

*उपक्रम १ : 'आहात का?' खेळ.* दोन मुलांना समोरासमोर बसवा. नियम एकच : चिठ्ठी आली की तीच चिठ्ठी, ज्याचं नाव 'पाठवणार' म्हणून सांगितलं जाईल त्याला द्यायची. आधी एक मूल खरं नाव सांगून चिठ्ठी देतं. ती परत येते, खेळ संपतो. मग ते मूल स्वतःच्या नावाऐवजी समोरच्या मुलाचं नाव सांगतं. चिठ्ठी दोघांत फिरत राहते. आता तिसऱ्या मुलाला त्यांना गणित विचारायला सांगा. दोघांनाही उत्तर द्यायला सवड नसते. मग विचारा, "नियमात काय बदल केला तर हे थांबेल?" मुलं सुंदर उत्तरं देतात. कुणी म्हणेल तीनदाच उत्तर द्यायचं, कुणी म्हणेल आधी नाव खरं आहे का ते विचारायचं, कुणी म्हणेल उत्तराची चिठ्ठी वेगळ्या रंगाची असावी. या सगळ्या उपायांवर खरे अभियंतेही विचार करतात.

*उपक्रम २ : चौकटीचं नाव.* फळ्यावर आठ चौकोन आखा आणि नवव्या चौकोनापासून 'मधली सुट्टी १ वाजता' असं लिहा. एका मुलाला आठ चौकोनांच्या जागेत एक मोठं नाव लिहायला सांगा. अट : नाव पूर्ण लिहायचंच आणि वाटेत जे येईल ते पुसायचं. सुट्टीची वेळ पुसली जाते. मग त्या जागी 'मधली सुट्टी ११ वाजता' असं लिहून गेलं तर काय होईल ते विचारा. वर्गात हशा पिकतो आणि मुद्दा कायमचा बसतो.

*उपक्रम ३ : दुपटीचं गणित.* दर ८.५ सेकंदांनी दुप्पट. एका सर्व्हरपासून सुरुवात करून मुलांना तक्ता करायला लावा :

- १७ सेकंद : ४
- ३४ सेकंद : १६
- ५१ सेकंद : ६४
- ५९.५ सेकंद : १२८
- ११९ सेकंद : १६,३८४
- १४४.५ सेकंद : १,३१,०७२

पहिल्या मिनिटात १२८ आणि दुसऱ्या मिनिटाअखेर सोळा हजारांच्या वर. लहान वर्गात दशांश टाळायचे असतील तर सेकंद सोडा, नुसत्या 'फेऱ्या' मोजा. मोठ्या मुलांना पुढचा प्रश्न द्या : प्रत्यक्षात संख्या अशीच वाढत का राहिली नाही? उत्तर : रस्तेच तुंबले, त्यामुळे प्रतींनाही वाट मिळेना, आणि बाधा व्हायला नवे सर्व्हरही उरले नाहीत. साथीच्या रोगाचा आलेख शिकवताना हेच उदाहरण पुन्हा वापरता येतं.

११) पालकांसाठी थोडं

१. मोबाईल किंवा लॅपटॉपवर अपडेटची सूचना आली की "नंतर" दाबत राहू नका. त्यातल्या बऱ्याच अपडेट म्हणजे अशाच फटींवरची ठिगळं असतात. मात्र अपडेट फोनच्या सेटिंगमधून किंवा अधिकृत स्टोअरमधूनच करा. मेसेजमध्ये आलेल्या लिंकवरून नाही.

२. वापरत नाही ती अ‍ॅप काढून टाका. जे नाही त्यात फट नाही.

३. महत्त्वाच्या कागदांची छापील प्रत घरात ठेवा. ऐन प्रवेशाच्या दिवशी वेबसाइट उघडली नाही तर काम अडत नाही.

४. मुलांना 'हॅकिंग'चं आकर्षण असतं. "गंमत म्हणून शाळेची साइट पाडून दाखवतो" अशी भाषा मोठ्या वर्गात ऐकू येते. रागावण्याआधी त्यांना बेलव्ह्यूची गोष्ट सांगा. शिवाय आपल्या देशात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये हक्काच्या माणसाला संगणक वापरू न देणं याचाही समावेश आहे. हे अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. फट सापडली तर ती वापरायची नाही, जबाबदार माणसाला सांगायची, हे मुलांना आत्ताच कळायला हवं.

१२) मुलांसाठी प्रश्न

१. सर्व्हर गर्दीमुळे बंद पडणं आणि फटीमुळे बंद पडणं यांत फरक काय?
२. पोस्टकार्डावर खोटा पत्ता लिहिता येतो, यामुळे पहिली फट कशी तयार झाली?
३. स्लॅमरने एकही फाइल पुसली नाही, तरी नुकसान का झालं?
४. पॅच सहा महिने आधी आला होता. तो न लावण्याची दोन कारणं लिहा.
५. आपल्या शाळेत संगणक बंद पडला तरी चालू राहील असं कोणतं काम आहे? आणि कोणतं अडेल?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर मुलांसोबत आपणही शोधूया. शाळेच्या ऑफिसात जाऊन मुलांना लिपिकांची मुलाखत घेऊ द्या. कोणत्या नोंदी फक्त ऑनलाइन आहेत आणि कोणत्या वहीतही आहेत, याची यादी मुलं स्वतः करतील. ती यादी मुख्याध्यापकांच्याही कामाची असेल.

तुमच्या वर्गात हे उपक्रम घेतलेत तर मुलांनी सुचवलेले नियम जरूर कळवा. विशेषतः पहिल्या खेळातले. चिठ्ठी थांबवण्याच्या नव्या युक्त्या पुढच्या लेखात सगळ्यांसाठी देता येतील.